धूर गाळणारी नळी

बोटाएवढी लांब, सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी सहज मावणारी एक नळी. एका टोकाला सिगारेट खोचायची, दुसरे टोक दातांत धरायचे आणि मध्ये, नळीच्या पोटात, धूर गाळण्याची काहीतरी सोय. कुठे कागदाची गुंडाळी, कुठे सिलिका जेलचे स्फटिक, तर कुठे नुसतेच एक बारीक छिद्र. इंग्रजीतला ‘होल्डर’ हाच शब्द आपल्याकडेही रूढ झाला. कला शाखेच्या वार्षिकात ज्ञानेश्वर-तुकाराम सोडून या नळीवर लेख कशाला, असे कोणी विचारील. परंतु या एवढ्याशा नळीत इतिहास आहे, पदार्थविज्ञान आहे, जाहिरातीचे शास्त्र आहे आणि एका जगप्रसिद्ध विद्यापीठावर ओढवलेला बाका प्रसंगही आहे. शिवाय आपल्यापैकी काही जण (नावे घेत नाही) दोन तासांच्या मधल्या सुट्टीत ‘मी फिल्टरचीच ओढतो’ असे समाधानाने सांगतात. त्या समाधानाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही नळी काय गाळते, काय गाळीत नाही आणि ती काय गाळते असे ओढणाऱ्याला वाटते, हे तीन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे एक नाहीत.

धूर गाळण्याची कल्पना पाश्चात्त्यांकडून आपल्याकडे आली असे मात्र नव्हे. आपल्या खेड्यापाड्यांतून चिलीम ओढणारा माणूस तिच्या खालच्या तोंडाशी एक ओले फडके गुंडाळत असे. त्या फडक्याला मराठीत ‘छापी’ म्हणतात. हिंदीत तिलाच ‘साफी’ म्हणतात. अरबीत साफी म्हणजे स्वच्छ, निर्मळ. आपली छापी त्याच कुळातली दिसते. चिलमीच्या आत एक खडा, वर तंबाखू, त्यावर विस्तव आणि खाली ओली छापी, अशी ही मांडणी. खड्यामुळे तंबाखू व निखारा खाली घसरत नाही. छापीमुळे धूर थोडा निवतो, राख व चुरा तोंडात येत नाही आणि तापलेली माती ओठाला लागत नाही. चारचौघांत चिलीम फिरवताना एकमेकांची उष्टी नळी तोंडाला लागत नाही हा आणखी एक लाभ. हेमाडपंतांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त धूपखेड्याच्या चांद पाटलाची घोडी हरवल्याची कथा आहे. तीत फकिराने चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढला आणि सटका आपटून पाणी काढले असे वर्णन येते. निखारा चिलमीसाठी हे उघड आहे; पाणी कशासाठी? तर छापी भिजवण्यासाठी. छापीवाचून चिलीम पुरी होत नाही हे कथा सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला इतके ठाऊक होते की त्याचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरजच नव्हती.

तंबाखू मुळात आपली नव्हे. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर आली आणि दख्खनेत रुजली. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरला आदिलशहाच्या दरबारी गेला होता. तेथे त्याला तंबाखू आढळली. उत्तरेत त्याने ती पाहिली नव्हती. परतताना त्याने थोडी तंबाखू बरोबर घेतली, एक लांब नळी तयार करवून तिची टोके रत्नांनी मढवली, ओठांत धरायला अकीकाची मुखनळी बसवली आणि हा सारा नजराणा बादशहापुढे ठेवला. अकबराने दोन-चार झुरके घेतले. तेव्हा दरबारच्या वैद्याने हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे की, ज्या द्रव्याबद्दल आमच्या ग्रंथांत काही लिहिलेले नाही ते परीक्षेवाचून कसे स्वीकारावे? युरोपीय लोक ते ओढतात हे काही प्रमाण नव्हे. असद बेगने वाद घातला की जगातली प्रत्येक चाल एकदा नवीच असते. बादशहाला असदचा युक्तिवाद आवडला, पण स्वत: तंबाखू ओढण्याची सवय काही त्याने लावून घेतली नाही. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली आणि ती किती चालली हे आपण पाहतोच आहोत. या प्रसंगात मला त्या वैद्याची मागणी फार महत्त्वाची वाटते. आधी परीक्षा, मग स्वीकार. आमची नळी पुढे साडेतीनशे वर्षांनी याच मागणीपाशी येऊन अडली.

युरोप-अमेरिकेत सिगारेटचा होल्डर आला तो मुख्यत: ऐटीची वस्तू म्हणून. अंबर, हस्तिदंत, पुढे बेकेलाईट अशा नाना पदार्थांचे होल्डर निघाले. बोटे पिवळी होऊ नयेत, हातमोज्यांना राख लागू नये, तंबाखूचे तुकडे जिभेवर येऊ नयेत एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा वर उचललेला होल्डर व्यंगचित्रकारांनी अजरामर केला. येथवर ही नळी आणि आपली छापी एकाच जातीच्या. दोघी थोडे काम करीत आणि तेवढ्याचाच दावा करीत.

हे चित्र १९५० नंतर पालटले. त्या वर्षी अमेरिकेत विंडर व ग्रॅहम यांनी आणि इंग्लंडमध्ये डॉल व हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारी संशोधने प्रसिद्ध केली. १९५२ च्या डिसेंबरात ‘रीडर्स डायजेस्ट’ने हा विषय सामान्य वाचकांच्या घरात नेला. ओढणारे घाबरले. घाबरलेल्या माणसाला दोन वाटा असतात. एक म्हणजे सोडणे, आणि दुसरी म्हणजे सोडल्यासारखे वाटेल असे काहीतरी शोधणे. व्यापाराने दुसरी वाट डांबरी करून दिली. १९५० साली अमेरिकेत फिल्टरची सिगारेट शेकडा एकही खपत नव्हती. १९६० पर्यंत ती निम्म्याच्या आसपास पोहोचली. या घाईत काय काय झाले याचा एक मासला म्हणजे केंट सिगारेटचा ‘मायक्रोनाइट’ फिल्टर. १९५२ पासून १९५६ पर्यंत त्यात क्रोसिडोलाइट, म्हणजे निळा अ‍ॅस्बेस्टॉस वापरला जात होता. कर्करोगाच्या भीतीने ज्या गाळणीकडे लोक वळले, त्या गाळणीतच कर्करोग घडवणारे तंतू होते.

याच लाटेवर होल्डरचाही पुनर्जन्म झाला. आता तो ऐटीचा राहिला नाही, औषधी झाला. स्फटिक भरलेले होल्डर, पाण्याने भिजवलेल्या गाळणीचे होल्डर, वापरून फेकून द्यायचे प्लास्टिकचे होल्डर असे प्रकार बाजारात आले. ‘टारगार्ड’ नावाचा अमेरिकी होल्डर विशेष गाजला. त्यात बदलण्याची गाळणीच नव्हती, तर धूर एका अतिशय बारीक छिद्रातून जोराने जाऊन समोरच्या पृष्ठभागावर आपटे आणि तेथे काळपट चिकट द्रव साठे. अशा नळीत नेमके काय घडते हे समजण्यासाठी आपल्याला थोडे पदार्थविज्ञान पाहावे लागेल. विज्ञान शाखेच्या मित्रांनी क्षमा करावी.

धूर म्हणजे केवळ वायू नव्हे. हवेत तरंगणारे सूक्ष्म थेंब आणि त्यांच्या भोवतीचे वायू व बाष्प असे ते मिश्रण आहे. एक घन सेंटीमीटर ताज्या धुरात असे अब्जावधी थेंब असतात. निकोटिन आणि ज्याला आपण ‘टार’ म्हणतो तो चिकट भाग मुख्यत: या थेंबांत असतो. एका थेंबाचा व्यास साधारण ०.२ ते ०.५ मायक्रॉन. माणसाच्या केसाच्या जाडीत असे दोनशेच्या आसपास थेंब ओळीने बसतील. साहजिकच, पिठाच्या चाळणीसारखी चाळणी येथे उपयोगाची नाही. फिल्टरमधल्या फटी या थेंबांच्या मानाने दिंडीदरवाजाएवढ्या असतात. मग थेंब अडकतात कसे?

एक प्रकार असा. एस. टी. घाटात एकदम वळली की उभे असलेले प्रवासी वळत नाहीत, ते सरळ जाऊन खिडकीवर आदळतात. हवेचा प्रवाह तंतूला वळसा घालून जातो, पण जड कणाला वळता येत नाही आणि तो तंतूवर आदळून चिकटतो. बारीक छिद्राचे होल्डर याच तत्त्वावर चालतात. छिद्र जितके लहान तितका वेग जास्त आणि वेग जास्त तितकी आदळाआपट जास्त. दुसरा प्रकार अगदी उलट आहे. फार हलके कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा भटकतात आणि भटकताभटकता कुठल्यातरी तंतूला जाऊन लागतात, जसे बाजाराच्या गर्दीत लहान मूल लोटले जात जात एखाद्या खांबाला जाऊन चिकटावे. म्हणजे मोठा कण जडपणामुळे सापडतो आणि फार लहान कण चंचलपणामुळे सापडतो. अडचण मधल्यांची. वळता येणार नाही इतके ते जड नाहीत आणि भटकावे इतके हलकेही नाहीत. तंतूंच्या गाळणीतून सर्वांत सहज निसटणारा कण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा असतो. करोनाच्या काळात मुखपट्ट्यांच्या चर्चेत हा आकडा आपण सर्वांनी ऐकला आहे. आणि सिगारेटच्या धुरातले थेंब नेमके याच आकाराच्या शेजारचे आहेत. निसर्गाने जणू गाळणीला चकवण्यासाठीच त्यांचे माप काढले असावे!

तरीसुद्धा थेंबांचा काही भाग अडकतो हे खरे आहे. होल्डर उघडला की आत साठलेला काळा लगदा दिसतो तो खोटा नव्हे. पण वायूंचे काय? कार्बन मोनॉक्साइड हा सुटा रेणू. त्याला तंतू अडवीत नाही, छिद्र अडवीत नाही, तो पाण्यात फारसा विरघळतही नाही. कोळशाची भुकटी काही बाष्पे धरून ठेवते, पण कार्बन मोनॉक्साइड तिलाही दाद देत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला मात्र तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. हृदयाच्या विकाराशी त्याचा संबंध येथे लागतो. ओल्या छापीचे आणि हुक्क्यातल्या पाण्याचेही हेच. धूर गार होतो, घशाला मऊ लागतो, म्हणून तो निरुपद्रवी झाला असा समज होतो आणि मऊ धूर माणूस अधिक खोल ओढतो. हुक्क्याच्या पाण्याने धूर सुरक्षित होत नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली स्पष्ट सांगितले आहे. महाराष्ट्रात २०१८ साली कायदा करून हुक्का पार्लरे बंद करण्यात आली तेव्हा ‘पाण्यातून येतो, त्याला काय होते’ हा युक्तिवाद आपण पुष्कळ ऐकला.

याहून अवघड गोष्ट निकोटिनची आहे. समजा नळीने थेंब अडवले, तर त्यांच्याबरोबर निकोटिनही अडले. पण ओढणारा सिगारेट ओढतो ती निकोटिनसाठीच. व्यसन जडलेले शरीर आपला हिशेब चुकू देत नाही. कमी पडले की झुरका लांबतो, खोल जातो, दोन झुरक्यांमधला वेळ कमी होतो किंवा दिवसाला चार सिगारेटी जास्त लागतात. बेनोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तातील कोटिनीन मोजले. निकोटिनचे शरीरात जे रूपांतर होते ते कोटिनीन. ‘कमी निकोटिनच्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सिगारेटी ओढणारे लोक प्रत्यक्षात निकोटिन कमी घेत नव्हते असे त्यांना आढळले. पाकिटावरचे आकडे यंत्राने काढलेले असत. १९६७ पासून अमेरिकेत वापरली गेलेली पद्धत अशी की यंत्र मिनिटाला एक झुरका घेई, प्रत्येक झुरका दोन सेकंदांचा आणि ३५ घन सेंटीमीटरचा. यंत्राला तलफ येत नाही, परीक्षेची काळजी नसते आणि त्याची बोटे फिल्टरवरची हवेची छिद्रे झाकीत नाहीत. माणसाची झाकतात. शेवटी २००८ साली अमेरिकी सरकारने या पद्धतीला दिलेली मान्यता काढून घेतली, आणि २०१० पासून तेथे ‘लाइट’, ‘माइल्ड’ असे शब्द पाकिटावर छापण्यास बंदी झाली.

आता त्या विद्यापीठाची गोष्ट. १९६७ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने पत्रकार परिषद बोलावून एक नवा सिगारेट फिल्टर जाहीर केला. संशोधक रॉबर्ट स्ट्रिकमन हे विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते, न्यू जर्सीतले रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी फिल्टरचे हक्क विद्यापीठाकडे दिले आणि मिळकतीत विद्यापीठाचा वाटा असणार होता. विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रेसन कर्क स्वत: व्यासपीठावर होते. बातमी जगभर गेली. मग प्रश्न सुरू झाले. चाचण्या कोणी केल्या, किती केल्या, टार खरोखरच इतके कमी होते का, आणि होत असेल तर त्या फिल्टरमधून धूर ओढता तरी येतो का? गाळणी जितकी दाट तितका श्वास जड, या साध्या नियमातून कोणाची सुटका नसते. धूर पुरता अडवणारी गाळणी म्हणजे बूच. अमेरिकी सिनेटच्या समितीसमोरही हा विषय गेला. अखेर १९६८ साली कोलंबियाने या फिल्टरमधून अंग काढून घेतले. संस्थेच्या नावाचा शिक्का आधी उमटला आणि परीक्षा नंतर झाली. असद बेगच्या वेळचा तो वैद्य त्या पत्रकार परिषदेत असायला हवा होता. विद्यापीठाचा हेतू वाईट होता असे मी मुळीच म्हणत नाही. संशोधनाला पैसा हवा असतो आणि लोकांचे प्राण वाचतील ही आशाही खरीच होती. पण ज्या संस्थेने ‘आधी दाखवा’ म्हणायचे, तिनेच ‘हे पाहा’ म्हटले की सामान्य माणसाने कोणाकडे पाहायचे?

‘पाहणे’ हा शब्द येथे सहज आलेला नाही. फिल्टरच्या इतिहासातले मला सर्वांत बोलके वाटणारे पान १९५३ सालचे आहे. आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ क्लॉड टीग यांनी तेव्हा एक कल्पना लिहून ठेवली. फिल्टरमध्ये असे द्रव्य घालावे की सिगारेट ओढताना त्याचा रंग बदलेल. गाळण्याच्या कामात त्यामुळे काही फरक पडणार नाही, पण विक्रीच्या दृष्टीने फायदा उघड आहे, असा त्या टिपणाचा आशय होता. हे कागद पुढे खटल्यांच्या निमित्ताने बाहेर आले. पांढरा फिल्टर तपकिरी झाला की ओढणाऱ्याला वाटते, ‘एवढी घाण अडली!’ होल्डरच्या काचेत साठलेल्या काळ्या थेंबाचा परिणाम तर याहून मोठा. टपरीवर असा होल्डर दाखवणारा मित्र तो उन्हाकडे धरून दाखवतो, अगदी प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीसारखा. अडकलेले डोळ्यांना दिसते. पार गेलेले दिसत नाही, कारण ते फुप्फुसात गेलेले असते. त्या काळ्या थेंबावरून खरे तर एवढेच सिद्ध होते की धुरात अशी वस्तू पुष्कळ आहे. किती अडकली हे मोजायचे तर किती आली होती हेही ठाऊक हवे, आणि ते दाखवणारी काच कोणत्याही होल्डरला नाही. ज्याला हा लगदा पाहून किळस येऊन सिगारेट टाकून द्यावीशी वाटली, त्याच्यापुरता होल्डर उपयोगी पडला असे मी म्हणेन. दुर्दैवाने बहुतेकांना त्याच लगद्याने धीर येतो आणि ते दुसरी पेटवतात.

सोडण्याचे साधन म्हणूनही होल्डर विकले गेले. चार नळ्यांचा संच. प्रत्येक पुढची नळी अधिक हवा मिसळून धूर पातळ करणारी. कल्पना बुद्धीला पटते. पण येथेही शरीराचा हिशेब आणि झुरक्याची लांबी आड येते. फिल्टरने एकंदरीत काय साधले यावर अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालातला निष्कर्ष गंभीर आहे. १९५० नंतर सिगारेटची घडण बदलत गेली तसा फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या कर्करोगाचा धोका ओढणाऱ्यांत वाढला, आणि त्यात छिद्रांच्या फिल्टरचा हात असण्याकडे पुरावा निर्देश करतो. फिल्टरचे तंतू हे सेल्युलोज अ‍ॅसिटेट नावाचे एक प्लास्टिकच असते आणि थोटके गटारात पडून राहतात, ही तक्रार वेगळीच.

आपल्या राज्यापुरते पाहिले तर या गाळणीच्या चर्चेला एक विचित्र मर्यादा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. त्यांत धूर ओढणारे ३.८ टक्के आणि न ओढता खाणारे-लावणारे २४.४ टक्के. (काही जण दोन्ही करतात.) चंचीतून काढून चुन्याशी मळलेल्या तंबाखूला, मशेरीला किंवा गुटख्याला कोणी गाळणी लावीत नाही. विडीलाही नाही. तेंदूच्या पानात गुंडाळलेली विडी विझू नये म्हणून झुरके वारंवार घ्यावे लागतात. सिन्नर-सोलापूरकडे ती वळणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात जाणाऱ्या तंबाखूच्या धुळीसाठी तर कुठलाच होल्डर निघालेला नाही, आणि एखाद्या विद्यापीठाने त्यासाठी पत्रकार परिषद घेतल्याचेही मी वाचलेले नाही.

मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध आदेश दिला. २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई केली. आमच्या फाटकापासून टपरीपर्यंतचे अंतर भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी साखळीने मोजावे, अशी माझी सूचना आहे. त्याच कायद्यात पाकिटावर निकोटिन आणि टारचे प्रमाण छापण्याची तरतूद आहे. वर सांगितलेली यंत्राची कथा लक्षात घेता, ते आकडे कधी छापले गेलेच तर कसे वाचायचे हे वाचकांना आता सांगायला नको. पाकिटावर २०१८ पासून मात्र एक निराळा आकडा छापलेला असतो, तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असलेल्या विनाशुल्क दूरध्वनीचा: १८००-११-२३५६. तो सहसा अंगठ्याखाली झाकला जातो.